लांडग्याला गोष्टीतून हाकलू नका

माझी भाची साडेतीन वर्षांची आहे. तिला रोज रात्री तीन अस्वलांचीच गोष्ट लागते, सोनेरी केसांची मुलगी त्यांच्या घरात शिरून खीर खाते ती. आमची अस्वलं शेवयांची खीर खातात. मोठ्या वाडग्यातली चटका बसेल अशी गरम, मधल्या वाडग्यातली गारढोण आणि छोट्या वाटीतली अगदी हवी तशी. एकदा झोपेच्या भरात मी म्हणून गेले, "मग तिने मधली खीर चाटूनपुसून संपवली." पोरगी ताडकन उठून बसली. "मावशी, छोटी! छोट्याची संपवली!"

त्या रात्री मला पटलं की आता हिच्याशी गोष्टीत खेळता येईल. उलटीपालटी केलेली गोष्ट मुलांना कधी आवडते? सरळ गोष्ट पाठ असते तेव्हाच. पुढे काय येणार हे तिला ठाऊक असतं आणि येतं भलतंच, म्हणून ती खिदळते. मूळ गोष्ट न सांगता थेट गमतीची आवृत्ती हातात दिली, तर त्यातली गंमत मुलाला कशी कळणार? म्हणून आधी सरळ सांगा. पन्नास वेळा सांगावी लागली तरी सांगा.

"जुन्या गोष्टी बिघडवू नका" असं वडीलधारे म्हणतात. त्यांची माया मला कळते, पण ही अस्वलांचीच गोष्ट बघा. इंग्रज कवी रॉबर्ट साउदीने १८३७ मध्ये ती छापली तेव्हा अस्वलांच्या घरात सोनेरी केसांची मुलगी नव्हतीच, एक आगाऊ म्हातारी शिरली होती. म्हातारीची मुलगी झाली ती १८४९ मध्ये, दुसऱ्याच माणसाने सांगितली तेव्हा. लाल टोपीवालीचंही तसंच. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७ च्या पुस्तकात लांडगा तिला खातो आणि गोष्ट तिथेच संपते. पोट फाडून आजी-नातीला बाहेर काढणारा शिकारी जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या गोष्टीत येतो, १८१२ मध्ये. आपल्या चिऊताईचंही काय वेगळं आहे? "थांब, माझ्या बाळाला तीट लावते" याच्या पुढची कामं प्रत्येक घरात निराळी. काही घरांत शेवटी कावळ्याला चटका बसतो, काही घरांत नाही.

बदलाला माझी ना नाही. मला त्रास होतो तो गोष्टीतली भीतीच काढून टाकण्याचा. आमच्या इमारतीतल्या एक ताई लांडग्याला आजीकडे चहाला बोलावतात आणि तो सॉरी म्हणून घरी जातो. मुलं घाबरतात म्हणे. अहो, घाबरू देत की! मांडीवर बसून, आपला हात घट्ट धरून घाबरायला मिळतं, ते किती मोलाचं आहे. लांडगा दाराशी आल्यावर भाची माझ्या कुशीत शिरते आणि शिकारी आला की हळूच डोकं बाहेर काढते. लांडगाच नसेल तर ती डोकं बाहेर काढेल कशाला?

एक बदल मात्र मी मुद्दाम करते. हिमगौरीतली दुष्ट राणी ग्रिमांच्या पहिल्या आवृत्तीत सख्खी आईच होती, १८१९ मध्ये ती सावत्र झाली. मी 'सावत्र' हा शब्दच उच्चारत नाही, नुसतं 'राणी' म्हणते. ऐकणाऱ्यांत एखादं मूल असं असू शकतं, ज्याला दुसऱ्या आईनेच जीव लावून वाढवलंय.

परवा भाचीने स्वतःची गोष्ट सांगितली. अस्वलंच मुलीच्या घरी जातात. दार उघडंच असतं. तूप-गूळ-पोळी खातात आणि मोठं अस्वल आजोबांच्या आरामखुर्चीत बसतं. खुर्ची मोडते.

"मग आजोबा ओरडले?"

"नाही. अस्वलच रडलं. मग आजोबांनी त्याला फेविकॉल दिला."

काल सकाळी ती आजोबांच्या खुर्चीखाली वाकून काहीतरी शोधत होती. कुठे चिकटवलंय ते बघत होती.