परदेशातून प्लॅनिंग शिकून आलं की कुंभाचं काम? हिशेब जुळत नाही

नाशकातल्या आर्किटेक्चर आणि सिव्हिलच्या मुलांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. शहर नियोजनाचं मास्टर्स जर्मनीत फुकट होतं, मार्कांची अडचण येत नाही, अमेरिकेत गेलात तर तीन वर्षं नोकरीची मुभा मिळते आणि परत आलात की सिंहस्थ कुंभमेळ्यामुळे नाशकात प्लॅनर म्हणून थेट काम, असं त्यात म्हटलंय. पहिल्या तीन गोष्टी अर्धवट आहेत. चौथी सरळ चूक आहे.

‘जर्मनीत फुकट’. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही, इतकंच खरं. स्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला 1500 युरो भरावे लागतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही शुल्क सुरू केलंय. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठाचा अर्बन मॅनेजमेंटचा कोर्स तर पहिल्यापासून सशुल्क गटातला. शुल्क माफ असलं तरी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे ठरलेलीच रक्कम दरमहा काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो आधी दाखवावे लागतात. युरो 100 रुपयांचा धरला तरी जवळपास 12 लाख झाले. हे पैसे तुमचेच असतात, पण महिन्याला 992 युरोच हातात येतात. कर्ज काढणाऱ्या घराने ‘फुकट’ या शब्दावर नाही, या आकड्यावर निर्णय घ्यावा.

परदेशी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणाऱ्या डाड (DAAD) या जर्मन संस्थेची ईपॉस (EPOS) शिष्यवृत्ती हा चांगला मार्ग आहे. डॉर्टमुंडचा स्प्रिंग हा प्रादेशिक नियोजनाचा अभ्यासक्रम या शिष्यवृत्तीच्या यादीत राहिलेला आहे. त्याचं पहिलं वर्ष डॉर्टमुंडला आणि दुसरं भागीदार देशातल्या विद्यापीठात होतं. पण ईपॉसला किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

‘मार्कांची अडचण येत नाही’. येते. जर्मन विद्यापीठं तुमचे गुण एका सूत्राने बदलून घेतात: कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा, आलेल्या संख्येला कमाल आणि उत्तीर्ण गुणांतल्या फरकाने भागा, तिनाने गुणा, एक मिळवा. दहापैकी 7 सीजीपीए असेल आणि उत्तीर्णतेची मर्यादा 4 धरली, तर उत्तर 2.5 येतं. तिकडे आकडा जितका लहान तितका चांगला आणि अनेक ठिकाणी 2.5 हीच सीमा असते. 6.5 सीजीपीएला 2.75 येतात, म्हणजे अर्ज तिथेच अडकू शकतो. शिवाय भारतीय अर्जदारांना एपीएस प्रमाणपत्र, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला, लागतं. नाशिकचं कॉलेज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असेल तर ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा अधिकृत उतारा) विद्यापीठाकडून घ्यावं लागतं, त्याला वेळ ठेवा. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो. हा फरक अर्जाआधी निस्तरा.

‘अमेरिकेत तीन वर्षं’. सगळ्यांना मिळतात ते बारा महिने. वरचे 24 महिने फक्त स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या विषयांना, आणि शहर नियोजनाचा नेहमीचा विषय-कोड 04.0301 त्या यादीत नाही. काही विद्यापीठं वेगळ्या कोडखाली कोर्स चालवतात, म्हणून प्रवेश स्वीकारण्याआधी कोड लेखी विचारून घ्या.

आता सिंहस्थ. साधी तारीख पाहा. 2026 च्या ऑक्टोबरात दोन वर्षांच्या कोर्सला गेलेला विद्यार्थी 2028 मध्ये परततो. अमृतस्नानं 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात आहेत. एक वर्षाचा ब्रिटिश कोर्स घेतला तरी तो संपेपर्यंत पर्वणी उरकलेली असेल. अशी कामं निविदेतून सल्लागार कंपन्यांना मिळतात आणि निविदेत अनुभवाच्या अटी असतात. अनेक जाहिरातींत इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडियाचं सदस्यत्वही मागतात. आपली परदेशी पदवी त्यासाठी चालेल का, हे जाण्यापूर्वीच संस्थेला विचारा.

याहून मोठी अडचण कायद्याची आहे. नाशकात नियोजन चालतं ते 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमावर आणि 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीवर. अधिनियमाच्या कलम 26 खाली प्रारूप आराखडा प्रसिद्ध होऊन हरकती मागवल्या जातात. कलम 127 खाली आराखड्यात आरक्षित करूनही दहा वर्षं न घेतलेल्या जागेचा मालक ती विकत घ्या अशी खरेदी सूचना देतो आणि प्रशासनाने 24 महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. हे रॉटरडॅमला किंवा लंडनला कुणी शिकवणार नाही, शिकवायचं कारणही नाही. तिथे पाणी, वाहतूक, घरबांधणी यांचा विचार करायची पद्धत उत्तम शिकवतात आणि ती नाशकाला हवीच आहे. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं यावरून पूर मोजणाऱ्या शहरात निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या, हे ठाऊक असलेला आणि नदीला जागा सोडायचं डच तंत्रही शिकलेला माणूस फार कामाचा ठरेल.

नाशकातच काम करायचं पक्कं असेल तर पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी किंवा अहमदाबादचं सेप्ट इथल्या नियोजनाच्या कोर्सची परदेशाच्या खर्चाशी तुलना करा. व्हीएनआयटीसारख्या ठिकाणी गेट या प्रवेश परीक्षेचा आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग पेपर उपयोगी पडतो. तरीही बाहेर जायचं ठरलं, तर निघण्याआधी आपल्या भागाचे विकास आराखड्याचे नकाशे, पूररेषेचा नकाशा आणि मखमलाबादच्या नगररचना योजनेची कागदपत्रं मिळवून ठेवा. प्रबंध नाशकावर करायचा म्हटलं तर ती तिकडून मिळवणं अवघड जातं.