टॉवरात जायरोस्कोप? जरा थांबा

लोअर परळच्या टॉवरांत जायरोस्कोप, म्हणजे वेगाने फिरणारी जड चाकं, बसवले की वाऱ्यात डोलणं थांबेल, हे एका लेखातलं विधान काही पटलं नाही. जायरोस्कोप विरोध करतो तो वळण्याला, सरकण्याला नाही. जहाज लाटेवर कलंडतं, म्हणजे वळतंच, म्हणून तिथे तो उपयोगी. 1932 च्या ‘काँते दी सावोया’ या इटालियन जहाजात शंभर टनांहून जड असे तीन जायरोस्कोप होते. पुढे मोठ्या जहाजांनी तो बोजा सोडून पाण्याखालचे बाजूचे पंख पत्करले. जायरो आता जास्त दिसतो तो याट आणि छोट्या बोटींवर.

टॉवरचा माथा मात्र मुख्यतः आडवा सरकतो. तौक्ते वादळात वरळीला चाळिसाव्या मजल्यावरच्या मित्राकडे झुंबर हलत होतं, कमोडमधलं पाणी हिंदकळत होतं. त्यावर इलाज टांगत्या वजनाचा. तैवानच्या तैपेई 101 या गगनचुंबी इमारतीत 660 टनांचा पोलादी गोळा आहे. इमारत एकीकडे गेली की तो मागे राहतो आणि खालचे डॅम्पर, म्हणजे हालचाल शोषणारे दट्टे, ती ऊर्जा उष्णतेत घालवतात. त्याला वीजही लागत नाही. जायरोचं चाक सतत फिरतं ठेवावं लागेल. इथे लिफ्टच्या देखभालीवरून सोसायटीच्या सभेत भांडणं होतात, या चाकाच्या बेअरिंगचं बिल कोण भरणार?