कोलिमाच्या चौकातली माडी

दर डिसेंबरात इनबॉक्सात तोच प्रश्न येतो. "आम्ही मेक्सिकोला येतोय, कानकुनमध्ये कुठल्या हॉटेलात राहू?" चार वर्षं ग्वादालाहारात नोकरी करतोय म्हणून विचारतात, आणि मी दरवेळी तेच उत्तर देतो: कानकुनला जाऊ नका. मग समोरचा थंड पडतो, कारण तिकिटं आधीच काढलेली असतात.

कानकुनला मीही गेलोय, पहिल्याच वर्षी. मनगटाला हॉटेलचा पट्टा बांधला, तीन दिवस बुफे खाल्ला. मेक्सिकोत होतो हे फक्त पासपोर्टवरच्या शिक्क्यावरून कळत होतं. त्या आठवड्यात किनाऱ्यावर सर्गासम नावाचं तपकिरी शेवाळ गुडघाभर साचलं होतं. कुजलेल्या अंड्याचा वास. हॉटेलवाले म्हणाले, पोहायचा तलाव आहे की! तलावात पोहायला आम्ही ठाण्यातही जातो.

तेव्हा नकाशा उलटा धरा आणि पॅसिफिकच्या बाजूला या. ग्वादालाहारातून गाडीने अडीच-तीन तासांत कोलिमा. मेक्सिकोतल्या सगळ्यात छोट्या राज्यांपैकी एक. मागे धूर सोडणारा ज्वालामुखी, पुढे समुद्र आणि मध्ये माडच माड. आई गेल्या फेब्रुवारीत इकडे आली होती. तिथल्या तेकोमान गावाच्या रस्त्याला लागल्यावर खिडकीतून बघत म्हणाली, "मरे, एवढा लांब विमानात बसान परत वेंगुर्ल्यातच इलंय?"

खरं तर तिचं काही चुकलं नव्हतं. हा माड या किनाऱ्याचा नव्हेच. 1569 मध्ये मेंदान्या नावाचा स्पॅनिश दर्यावर्दी सॉलोमन बेटांकडून परतताना नारळ घेऊन इथे उतरला. मग मनिलाहून येणाऱ्या गलबतांतून फिलिपिनो खलाशी आले. 1565 पासून 1815 पर्यंत, अडीचशे वर्षं, मनिला ते आकापुल्को ही ये-जा चालू होती. चिनी रेशीम, मसाले, पोर्सेलिन यायचं आणि मेक्सिकोची चांदी जायची, हे शाळेतही शिकवतात. पण जहाजावरची माणसं बंदरात उतरून पळून जायची, हे कोणी शिकवत नाही. 1618 मध्ये एका जहाजावर 75 फिलिपिनो खलाशी आले आणि परतीला 5 उरले! बाकीचे कुठे गेले? माडावर चढले.

त्यांना माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, कशी बांधायची, कशी छेदायची, खाली मडकं कसं लावायचं हे सगळं येत होतं. त्यांनी माडी काढली आणि ती गाळून दारूही केली. पुढच्याच वर्षी, 1619 मध्ये, सेबास्तियान दे पिनेदा नावाच्या कप्तानाने स्पेनच्या राजाकडे तक्रार केली, की या लोकांना परत पाठवा, नाहीतर यांच्या माडाच्या दारूपुढे आपली स्पेनची दारू कोण घेणार? (महसूल बुडाला की सरकारला नैतिकता आठवते, हे चारशे वर्षांपूर्वीही होतंच.) टकीला आणि मेस्कालची भट्टी इथे या फिलिपिनो लोकांच्या हातून आली असं बरेच संशोधक मानतात. वाद आहे, पण मला ते पटतं.

दारू गेली, माडी राहिली. तिला इथे फिलिपिनो नावानेच ओळखतात: तुबा.

आता खरी गोष्ट. रविवारी सकाळी आईबरोबर कोलिमा शहराच्या चौकात बसलो होतो. चर्च सुटलं होतं, पोरं कबुतरांमागे पळत होती. पांढरा सदरा, डोक्यावर गवती टोपी, खांद्यावर हा मोठा वाळवलेला भोपळा, असा एक म्हातारा आला. भोपळ्याच्या तोंडाला मक्याच्या कणसाचं बोंड बुचासारखं बसवलेलं. हा तुबेरो, म्हणजे तुबा विकणारा. त्याने भोपळा तिरपा केला, ग्लासात दुधाळ, जरा फेसाळ काहीतरी ओतलं आणि विचारलं, "कोन काकावाते, होवेन?" शेंगदाणे घालू का? मी हो म्हटलं. मूठभर खारे दाणे वर तरंगत आले.

आईने ग्लास नाकाशी नेला आणि तिथेच थांबली.

"अरे, ही माडी मरे!"

"हो आई, तीच."

"आणि ही सगळी बायकापोरां पितत?"

समोरच्या बाकावर एक आजी नातीला ग्लासातून पाजत होती. शेजारी कॉलेजातल्या दोन मुली गुलाबी रंगाची, फळांचे तुकडे घातलेली तुबा चमच्याने खात होत्या. पोलीसही उभ्याउभ्या पीत होता.

माझी आई पासष्ट वर्षांची. माडांच्या गावात जन्मली, माडांच्या गावात दिली. आजोबांनी घरामागचे दोन माड माडी काढणाऱ्या भंडाऱ्याला दिले होते. पहाटे मडकं उतरायचं आणि पुरुष पडवीत बसून प्यायचे. बायकांनी तिकडे फिरकायचं नाही. शेजारच्या ख्रिस्तांव काकींना सान्नांचं, म्हणजे इडलीसारख्या तांदळाच्या वड्यांचं, पीठ फुगवायला वाटीभर लागायची, ती आई मागच्या दाराने नेऊन द्यायची, पदराखाली झाकून. नेली पन्नास वेळा, चाखली एकदाही नाही. ती पहिल्यांदा प्यायली ती मेक्सिकोत, भर चौकात, चर्चसमोर. दाणे चावत. ग्लास संपवला आणि म्हणाली, "गोड आसा. दुपारनंतर ही आंबट जातली बघ."

तुबेरोला मी हे भाषांतर करून सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, बाई बरोबर बोलतेय, म्हणून मी बारापर्यंत संपवतो.

माझा मुद्दा एवढाच आहे, आणि गावच्या लोकांना तो आवडणार नाही हे माहीत आहे. तीच चीज, तोच माड, तेच कौशल्य. त्यांनी ती सकाळच्या उन्हात आणून ठेवली, पोरांच्या हातात दिली, आंबली की तिचं व्हिनेगर करून बाटलीत भरून विकलं. आपण तिला एक्साइजच्या फायलीत आणि गुत्त्याच्या अंधारात ढकललं. पिणाऱ्याला बेवडा म्हटलं आणि काढणाऱ्याची जात काढली. मग भंडाऱ्याचा मुलगा मुंबईला गेला, गोव्यातल्या रेंदेराचा, म्हणजे तिथल्या माडी काढणाऱ्याचा, मुलगा बोटीवर गेला, आणि आता माडावर चढायला माणूस मिळत नाही म्हणून आपणच रडतो. नीरेची केंद्रं आहेत, मान्य. पण नीरा पिताना आपण औषध घेतल्यासारखा चेहरा करतो. कोकणात पर्यटन वाढवायचं म्हणून जेट स्की आणतात. अरे, एक माणूस, एक मडकं आणि चौकात पन्नास ग्लास, एवढ्याने सुरुवात होते!

असो. प्रवासाचं विचारलंत, तेही सांगतो.

कुयुत्लानला जा. काळी वाळू आहे, दुपारी बारा वाजता अनवाणी चाललात तर तळवे सोलून निघतील. 22 जून 1932 रोजी इथे त्सुनामी आली आणि गाव धुऊन नेलं. आता शांत, जरासं झोपाळू गाव आहे. मागच्या खाडीकाठी मिठागरं आहेत आणि जुन्या लाकडी कोठारात मिठाचं संग्रहालय आहे. शिरोड्याची मिठागरं बघितलेल्याला तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. येताना जाड मिठाची पिशवी घ्या.

जेवायला बोका दे पास्क्वालेस. नदीचं मुख, झावळ्यांच्या मांडवाखाली खानावळी. तिथे पोहू नका. लाटा अशा उभ्या फुटतात की पट्टीचे सर्फरही फळ्या मोडून घेतात. खुर्चीत बसा आणि कोलिमाचं सेविचे मागवा. बाकी मेक्सिकोत सेविचेला माशाचे चौकोनी तुकडे असतात, इथे मासा बारीक खिमा करतात आणि लिंबाच्या रसात मुरवून त्यात किसलेलं गाजर घालतात. मासा असतो सिएरा, म्हणजे आपल्या सुरमईचा सख्खा चुलतभाऊ. कुरकुरीत तोस्तादावर, म्हणजे मक्याच्या कडक पोळीवर, पसरून देतात. लिंबं हिरवी, छोटी, ढीगभर. तेकोमान हा लिंबांचाच मुलूख. आईचं मत: "सुरमय शिजवची नाय आणि वर गाजर? ह्येंका कोणी शिकवल्यान?" मग तीन तोस्तादा खाल्ल्या. तरी भाजलेला मासा तिला जास्त आवडला. मधोमध चिरून पुस्तकासारखा उघडलेला, लाल मिरचीचा लेप लावून निखाऱ्यावर. आमच्या वाट्याला आलेला पार्गो नावाचा मासा दोन माणसांना पुरून उरला.

पोहायचंच असेल तर मान्सानियो. मेक्सिकोचं सगळ्यात मोठं कंटेनर बंदर, त्यामुळे शहर ट्रकांनी भरलेलं, पण सांतियागोची खाडी शांत आहे. तिथे 1959 च्या चक्रीवादळात बुडालेलं सान लुसियानो जहाज किनाऱ्याजवळच पडलंय, स्नॉर्कल लावून बघता येतं.

आणि संध्याकाळी मागे डोंगराकडे, कोमालाला. पांढऱ्या घरांचं गाव, चौकातल्या कमानींखाली बार. पेय मागवलं की खाणं फुकट येत राहतं. दुसरं पेय, दुसरी ताटली. तिथे माझे दोन तास कुठे गेले मला कळलं नाही, बिलावरून कळलं.

समुद्रकिनारा इथे कायद्याने सार्वजनिक आहे, कोणी हॉटेलवाला तुम्हाला वाळूवरून हाकलू शकत नाही. त्यामुळे पट्टा न बांधताही समुद्र मिळतो.

आई परत गेली. परवा व्हिडिओ कॉलवर भाऊकाकांना तो तुबेरोचा फोटो दाखवत होती. काकांनी उभ्या आयुष्यात तिच्यासमोर माडीचा म काढला नव्हता. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ फोटो बघितला आणि विचारलं, "भोपळो कसलो? मडक्यात थंड रवता ता ह्यात रवता काय?"

आई म्हणाली, "रवता. मी पियालंय मां."

पलीकडे काका दोन मिनिटं काही बोलले नाहीत.