धुपाटणं असताना शब्द नाही कसा?

डिफ्यूझर म्हणजे घरात सुगंध पसरवणारं साधन. ‘डिफ्यूझरला मराठीत शब्दच नाही’ हे एका लेखात वाचलेलं वाक्य काही पटलं नाही. या शब्दाचं मूळ लॅटिन ‘डिफुंडेरे’, म्हणजे ओतून पसरवणं, हे बरोबर. पण आमच्या धुळ्याकडे कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी, बसते त्या घरी जाऊन बघा. गोवरीचा लाल निखारा धुपाटण्यात घेतात, वर चिमूटभर धूप टाकतात आणि दोन मिनिटांत ओसरीपर्यंत वास! यंत्र नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

अत्तरदाणी, गुलाबदाणी यातला ‘दाणी’ फारसी ‘दान’वरून आलाय, अर्थ भांडं. उदबत्तीतला ‘उद’ अरबी, म्हणजे अगरूचं लाकूड. लोबानही अरबीच, त्याच्या धातूचा अर्थ पांढरा. गंमत म्हणजे त्याच जातकुळीतलं सालईचं झाड आपल्या सातपुड्यात उभं आहे. खोडाला खाच पाडली की डिंक पाझरतो, तोच धुपात जातो. आणि ‘परफ्यूम’ही मुळात ‘धुरातून’च!

हां, सुगंधी तेलात काड्या बुडवून ठेवतात त्या बाटलीत किंवा पाण्याचं धुकं करणाऱ्या यंत्रात निखारा नसतो, त्याला धुपाटणं म्हणणं ओढूनताणून होईल. त्याला ‘गंधदाणी’ म्हणा की. फक्त लाइट गेली की ते धुकंवालं बंद, एवढं लक्षात ठेवा.