एक सिलिंडर मरून राहिलंय अन् हे सर्व्हिस सेंटरवाले पार्टावर पार्ट बदलून राहिलेत

डोकं फिरलंय आज, लिहूनच टाकतो. दोन सिलिंडरची बाइक आहे माझी. सकाळी थंड असताना काहीच तक्रार नाही, पण हे नवतप्याचं ऊन आणि आमच्या नागपूरच्या वर्धा रोडचं ट्रॅफिक, अजनी चौकात येऊन सिग्नलला थांबलं की डावं सिलिंडर गेलंच समजा. मिसिंग सुरू, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटतच नाही. हँडल थरथरतं, थ्रॉटल दिला तर गाडी उचलत नाही, मागून सायलेन्सरमध्ये फटाके फुटतात, आणि मागचे सगळे हॉर्नवर हात ठेवून बसलेले.

आणि राग याचा आहे की हा प्रॉब्लेम अवघड नाहीये! सिंगल सिलिंडरवाल्याला अंदाज बांधत बसावं लागतं एकवेळ, पण इथे बिघडलेल्या सिलिंडरच्या शेजारीच तसंच्या तसं चांगलं सिलिंडर आहे ना भाऊ. प्रत्येकाला ठिणगी पाडणारा वेगळा प्लग, त्याला करंट देणारी वेगळी कॉइल, आणि कॉइलची वायर प्लगला जोडणारी वेगळी कॅप. डावीकडचा पार्ट उजवीकडे लाव, उजवीकडचा डावीकडे, गाडी तापव, मिसिंग कोणत्या बाजूला गेली ते पहा. पार्टासोबत गेली तर पार्ट खराब, जागच्या जागी राहिली तर तो पार्ट चांगला, पुढचा धर. एक रुपया खर्च नाही याला. पण नाही, सर्व्हिस सेंटरमध्ये हे कोणी करायलाच तयार नाही.

काय करतात ते ऐका. पहिले दोन्ही प्लग बदलले. ठीक आहे, प्लग स्वस्त आहेत, चला. पण काढलेले प्लग पाहा तरी! उजवा छान बिस्किटी रंगाचा आणि डावा काळा, ओला, पेट्रोलचा वास मारून राहिलेला. म्हणजे डाव्या सिलिंडरमध्ये पेट्रोल येऊन राहिलंय, ते जळत नाहीये. कोरडा असता तर म्हटलं असतं पेट्रोल फवारणारा इंजेक्टर पाहा. ओला प्लग हातात धरून तो ॲडव्हायझर मला म्हणतो, "सर, इंजेक्टर क्लीनिंग करून घेऊ, आणि फ्युएल पंप पण वीक वाटून राहिला." अरे पंप दोन्ही सिलिंडरला एकच आहे ना बाबा! पंप वीक असता तर उजवं बरं चाललं असतं का? यावर उत्तर काय, तर आजकाल पेट्रोल खराब येतं सर, त्या इथेनॉलवाल्या ई-20 मुळे होतं. टाकी पण एकच आहे!!

मग स्कॅनर लावला. एररच नाही म्हणे, म्हणजे प्रॉब्लेम नाही. प्लगच्या कॅपच्या आतला रेझिस्टर तापल्यावर उघडा पडत असेल, म्हणजे करंट पुढे जाऊच देत नसेल, तर माझ्या गाडीचा स्कॅनर ते कुठून सांगणार, तो सेन्सर आणि वायरिंगचं सांगतो. स्क्रीनवर काही दिसलं नाही की यांचं डोकं पण बंद.

आणि ती करंट पाहायची पद्धत! प्लग काढला, हेडला टेकवला, सेल्फ मारला, ठिणगी दिसली, "करंट मस्त आहे सर." कसला मस्त? बाहेर मोकळ्या हवेत ठिणगी सहज उडते, सिलिंडरच्या आत दाबलेल्या हवेत उडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. कमजोर कॉइल, चिरलेली कॅप बाहेर पास होते आणि आत नापास. त्यात ही तपासणी कधी, तर गाडी रात्रभर यांच्या एसीच्या शेडमध्ये उभी राहून थंडगार झाल्यावर सकाळी. मी गळा फाडून सांगतोय की गरम झाल्यावरच होतं, जॉबकार्डवर लिहून घेतलं, तरी थंडीच चेक केली. एक पोरगा तर चालू गाडीवर डावी कॅप उपसायला निघाला होता, ओरडलो तेव्हा थांबला. असं केलं की करंटला जायला रस्ता राहत नाही, चांगली कॉइल पण आतून फुटू शकते.

आमच्या काकांकडे राजदूत 350 होती, 1983 साली आलेलं ते मॉडेल, दोन कार्ब्युरेटर, ठिणगी वेळेवर पाडणाऱ्या पॉइंटचे दोन सेट. महाल भागातला मिस्त्री काय करायचा, थंड गाडी चालू करून थोड्या वेळानं इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या दोन्ही बेंड पाइपवर पाण्याचे दोन थेंब टाकायचा. एका पाइपवर चुर्र झालं, दुसऱ्यावरून पाणी तसंच ओघळलं, म्हणजे ते सिलिंडर मेलेलं. कॉम्प्युटर नाही की काही नाही, हात, कान आणि डोळे.

शेवटी यांनी नवीन कॉइल टाकली. बिल घेतलं. अजनी चौकात पुन्हा तेच. मग घरी पार्किंगमध्ये मीच टाकी वर केली, पाहतो तर काय, नवीन कॉइलच्या वायरला जुनीच कॅप पिळून लावलेली! दोन्हीकडच्या कॅप अदलाबदल केल्या, रिंग रोडला गाडी तापवून आणली, आणि मिसिंग उजवीकडे गेली. डावं सिलिंडर एकदम ओके. मल्टिमीटर लावला तर चांगली कॅप पाच किलो-ओहमच्या आसपास आणि ती दुसरी गरम असताना काहीच दाखवत नाही, ओपन. एवढीशी रबरी कॅप! आणि तिच्यासाठी न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जाऊन धूर साफ करणारा कन्व्हर्टर भाजून राहिलं होतं, तो गेला तर त्याचं बिल कोण देणार?

हे सगळं घेऊन गेलो सर्व्हिस सेंटरला, तर पहिला प्रश्न, "सर, गाडीला बाहेर हात कोणी लावला?" वॉरंटीची भीती दाखवून राहिले मला. कॅप मागवतो म्हणे, लेबर वेगळं लागेल. मी म्हटलं लेबरचं नावच काढू नका, जी चांगली कॉइल काढली ती जुनी कॉइल द्या परत आणि नव्या कॉइलचे पैसे द्या, तर मॅनेजर लगेच मीटिंगमध्ये गेले. उद्या परत जाऊन राहिलो, आणि कॉइल हातात पडल्याशिवाय त्या काउंटरवरून हलणार नाही.