शाल-श्रीफळ झाल्यावर
परदेशातून : कॅल्गरी, कॅनडा

नामवंत खेळाडूंनी शाळांत जावं का, या वादात आपल्याकडे दोन बाजू ठरलेल्या. एक म्हणते, मुलांना पदक जवळून बघू द्या, त्यातूनच उद्याचा खेळाडू घडेल. दुसरी म्हणते, शाळेला मैदान नाही, पीटीच्या तासाला गणित घेतात, तिथे पाहुणे कसले बोलावता? पाहुणा आला, बोलला, फोटो झाला की भेट संपली, हे मात्र दोघांनी धरूनच चाललेलं.

टोकियोहून परतलेल्या ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक खेळाडूंना पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२३ पर्यंत प्रत्येकी ७५ शाळांत जायला सांगितलं. ४ डिसेंबर २०२१ला नीरज चोप्राने अहमदाबादच्या संस्कारधाम शाळेतून सुरुवात केली. संतुलित आहार, तंदुरुस्ती, खेळ हे विषय योग्यच होते. पण दोन वर्षांत ७५ शाळा म्हणजे सराव, स्पर्धा, प्रवास सांभाळून दर दहा दिवसांनी एक. या हिशेबात त्याच शाळेत दुसऱ्यांदा जाणं बसत नाही.

अमेरिकेत आणि कॅनडात काम करणारी ‘क्लासरूम चॅम्पियन्स’ ही संस्था नेमकं ते दुसऱ्यांदा जाणंच धरून बसते. २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये चौघांच्या बॉबस्लेत (बर्फावरून घसरणाऱ्या गाडीची शर्यत) सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकी संघातला स्टीव्ह मेस्लर आणि त्याची बहीण ली यांनी ती २००९मध्ये सुरू केली. खेळाडू ठरावीक वर्गांशी शालेय वर्षभर जोडलेला राहतो. ध्येय कसं ठरवायचं, चिकाटी म्हणजे काय, अशा एकेका विषयावर तो छोटा व्हिडिओ पाठवतो, शिक्षक त्यावर वर्गात काम करून घेतात, अधूनमधून थेट संवाद होतो. सराव शिबिरात असलेल्या खेळाडूलाही हे जमतं. अर्थात इथल्या शिक्षकासमोर साठ-सत्तर मुलं नसतात, त्यामुळे जसंच्या तसं उचलून चालणार नाही.

कोणाला बोलवायचं, याचंही एक उत्तर इथलंच आहे. कॅनडातल्याच वॉटर्लू विद्यापीठात लॉकवूड आणि कुंडा या मानसशास्त्रज्ञांनी अकाउंटिंगच्या विद्यार्थ्यांना त्याच शाखेच्या एका अव्वल विद्यार्थ्याबद्दल वाचायला दिलं. अभ्यास १९९७मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाच्या मुलांना हुरूप आला, शेवटच्या वर्षाच्यांना आला नाही. त्यांच्या हातात तिथवर पोचायला वेळच उरला नव्हता. म्हणून बीडच्या मांडव्याचा धावपटू अविनाश साबळे किंवा कोल्हापूरकडच्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्निल कुसाळे पाचवी-सहावीला जरूर भेटावा. दहावीला मात्र मागच्याच वर्षी जिल्ह्यावर खेळलेली अकरावीतली मुलगी जास्त उपयोगाची. तिला हार घालायला कोणी पुढे येणार नाही, ही अडचण वेगळी.

आता प्रत्यक्ष तास. आठशे मुलं मैदानात उन्हात बसवली की मागच्या रांगांना फक्त माईकची शिट्टी ऐकू येते. एक वर्ग घ्या, फार तर दोन. सत्कार शिक्षकांच्या खोलीत उरका, नाहीतर प्रास्ताविक आणि परिचयातच अर्धा तास जातो. आठवडाभर आधी प्रत्येक मुलाकडून बिननावाचा एक प्रश्न लिहून घ्या आणि त्यातले दहा-बारा निवडा. आयत्या वेळी विचारलं तर पहिल्या बाकावरचीच चार मुलं बोलतात. खेळाडूने दहा मिनिटं बोलावं, तेही एका पराभवाबद्दल: काय चुकलं आणि दुसऱ्या दिवसापासून सरावात काय बदललं. पुढची वीस मिनिटं प्रश्नांना.

शेवटची दहा मिनिटं प्रत्येक मुलाने भरायच्या कार्डाची. त्यावर तीनच ओळी: पुढच्या पंधरा दिवसांत मोजता येईल असं मी काय करणार, आड काय येईल, आणि आलं तर काय करीन. ‘ऑलिंपिक सुवर्ण’ किंवा ‘९५ टक्के’ लिहिलेलं कार्ड परत द्यायचं, कारण ते आज दुपारी सुरू करता येत नाही. ‘शाळा सुटल्यावर दहा मिनिटं दोरीच्या उड्या; भाऊ सांभाळावा लागला तर प्रार्थनेआधी’ हे चालतं. तिसऱ्या ओळीत हमखास ‘मी खूप मेहनत करीन’ येतं. तेही परत. नुसतं यश डोळ्यांसमोर आणलं की अंगातला जोर उलट ओसरतो. अडथळा आणि त्यावरची तोड जोडीने लिहिली तर हातून काम होतं, हे गॅब्रिएल ओटिंगेन आणि पीटर गॉलवित्झर या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनाने दाखवलंय.

बहुतेक ठिकाणी घोडं अडतं ते यानंतर. खेळाडू बोलत असताना वर्गशिक्षक मागे बसून वह्या तपासत असतात, त्यामुळे पंधराव्या दिवशी कार्डं बाहेर काढायची कोणी हा प्रश्न पडतो. तो तास आधीच वेळापत्रकात लिहून ठेवा. ज्याची दहा मिनिटं झाली नाहीत त्याला पाच करायला सांगा. रागावलात तर पुढच्या वेळी तो खोटं लिहील. सगळ्या कार्डांचे फोटो खेळाडूला पाठवा. त्याने तिघांची नावं घेऊन मिनिटभराचा व्हॉइस मेसेज केला तरी पुरे.

मैदानवाल्यांचा आक्षेप याने मिटत नाही. दोरीच्या उड्या व्हरांड्यात होतील, गोळाफेक होणार नाही. पण बाहेरून आलेल्या पदकविजेत्याला एक गोष्ट सहज विचारता येते, जी शाळेतला क्रीडाशिक्षक वर्षानुवर्षं विचारू शकत नाही. भर वर्गात, मुलांसमोर, मुख्याध्यापकांना: “सर, खेळाच्या साहित्याच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?”