तांब्याच्या भांड्यातील सोलकढी आणि असेच आणखी काही सल्ले

कोकणात सध्या घरोघरी एक लांबलचक संदेश फिरतो आहे. सोलकढी आणि आगळ (कोकमाचा मीठ घातलेला आंबट रस) तांब्याच्या भांड्यातच ठेवावे, म्हणजे त्यांचे औषधी गुण वाढतात; तांदूळ धुऊ नयेत; कुकरमधले अन्न निःसत्त्व असते; मीठ, हळद आणि आगळ चोळलेला मासा दिवसभर फ्रिजबाहेर टिकतो, आणि कालवणाला नीट उकळी आणली की काही दोष राहिला असल्यास तोही जातो, असे त्यात ठामपणे सांगितले आहे. शेवटी 'आपल्या आज्या हेच करत होत्या' अशी मोहोर उठवलेली आहे. असे संदेश मी एरवी सोडून देतो. परंतु राजापूरच्या माझ्या आत्याने माळ्यावरची तांब्याची तपेली उतरवली असून गणपतीत येणाऱ्या पाहुण्यांसाठी यंदा त्यातच कढी करणार असल्याचे फोनवर सांगितले, तेव्हा गप्प बसणे शक्य नव्हते.

आत्याला मी इतकेच विचारले की तपेली कशाने घासलीस. पिळून उरलेली आमसुले आणि मीठ, हे तिचे उत्तर, आणि कोकणातली कोणतीही गृहिणी हेच उत्तर देईल. काळवंडलेल्या तांब्यावर आमसूल फिरवले की थोड्याच वेळात आतला गुलाबी धातू वर येतो आणि बोटांवरून मळकट ओघळ उतरतो. त्या ओघळात भांड्यावरच्या थरातले तांबे विरघळलेले असते. घासताना ते मोरीत जाते. तेच आम्ल आणि तेच मीठ कढी म्हणून त्या भांड्यात तासन्‌तास राहिले, तर ते पाहुण्यांच्या वाटीत जाते. शिवाय भांडे लख्ख आहे म्हणून धोका टळत नाही, कारण हवेतल्या ऑक्सिजनमुळे तांब्यावर पुन्हा थर धरतो आणि आम्ल तो पुन्हा विरघळवते. असे तांबे जास्त प्रमाणात पोटात गेले की मळमळ, पोटात कळ आणि उलट्या सुरू होतात. पितळेच्या भांड्यात ताक कळकते हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आगळाच्या बाबतीत वेगळा न्याय का लावावासा वाटतो, हे मला समजत नाही.

ज्यांना माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचा नसेल, त्यांनी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा 'फूड कोड' पाहावा. खाद्यगृहांसाठी केलेल्या या नियमावलीत म्हटले आहे की ज्या पदार्थाचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) 6 पेक्षा कमी आहे, म्हणजे व्हिनेगर, फळांचे रस, वाइन यांसारखे पदार्थ, त्यांचा तांब्याशी किंवा पितळेसारख्या तांब्याच्या मिश्रधातूंशी संपर्क येऊ देऊ नये. आगळाचा सामू लिंबाच्या रसाच्या आसपास असतो, आणि सामूची एक पायरी खाली उतरली की आम्लता दहापट होते, हे लक्षात घेतले म्हणजे आगळ त्या मर्यादेच्या किती खाली आहे ते कळेल. नारळाच्या रसाने कढी जिभेला सौम्य लागते खरी, पण नारळाच्या दुधाचा सामूच जेमतेम सहाच्या आसपास असतो. त्यात आगळ पडल्यावर तो खालीच येणार.

आता आज्यांविषयी. आज्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत आमटी करत होत्या, हे खरे. पण त्या भांड्यांना आतून कल्हई असे, आणि नेमकी तीच संदेशाने गाळली आहे. कल्हईवाला भांडे भट्टीवर तापवून नवसागर टाकत असे, त्यावर कथील फिरवून कापसाच्या बोळ्याने ते सर्वत्र पसरत असे, आणि या पांढऱ्या थरामुळे आंबट पदार्थ तांब्याला लागतच नसे. ज्यांच्याकडे अशी भांडी आहेत त्यांनी ती जरूर वापरावीत, मात्र आतून तांबूस डाग दिसू लागला की पुन्हा कल्हई करून घ्यावी, आणि कथील 232 अंश सेल्सिअसला वितळत असल्यामुळे असे भांडे गॅसवर कोरडे तापवू नये. आगळ तर आज्या चिनी मातीच्या बरणीत भरत असत. ती बरणी कुणालाच कशी आठवली नाही?

साध्या पाण्यापुरते मात्र संदेशकर्त्याला थोडे श्रेय द्यावे लागते. बेंगळुरूच्या संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवलेल्या पाण्यातील अतिसाराचे जंतू मेले, आणि पाण्यात उतरलेले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला 2 मिलिग्रॅम या मर्यादेच्या पुष्कळच खाली राहिले. पण ते पाणी किंचित अल्कधर्मी होते. त्यावरून कढीविषयी काहीही सिद्ध होत नाही.

तांदळाच्या मुद्द्यातही अर्धे सत्य आहे. पांढरा, पॉलिश केलेला तांदूळ चोळून चोळून धुतला तर ब जीवनसत्त्वाचा काही भाग पाण्याबरोबर जातो, म्हणून एक-दोनदा हलक्या हाताने धुणे पुरे. उकड्या तांदळात ही जीवनसत्त्वे उकडतानाच दाण्याच्या आत शिरलेली असतात, त्यामुळे तेथे ही भीती आणखी कमी. आणि भात वेळून पाणी ओतून देण्यापेक्षा पेज करून प्यायलेली बरी. कुकरविषयी फार लिहिण्याची गरज नाही. आत तापमान सुमारे 120 अंशांपर्यंत जाते, पण डाळ लवकर शिजते आणि तिचे पाणी फेकले जात नाही.

माशांचा सल्ला मात्र कढीइतकाच घातक आहे. बांगडा, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडिन नावाचे द्रव्य भरपूर असते आणि मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन करतात. ते एकदा तयार झाले की उकळून, तळून किंवा गोठवूनही नष्ट होत नाही. जिवाणू मरतात, हिस्टामिन उरते. असा बांगडा खाल्ल्यावर तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर गांधी उठतात, आणि पुष्कळ जण याला माशाची ॲलर्जी समजतात. खाऱ्या माशाचे उदाहरण येथे लागू पडत नाही, कारण त्यात मीठ मुबलक असते आणि मासा वाळवलेला असतो. कालवणापूर्वी चोळलेल्या चमचाभर मिठाने ते काम होत नाही. आगळ आणि हळद चवीसाठी अवश्य लावावी, पण बाजारातून मासे बर्फात आणावेत, साफ केल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावेत, आणि वीज गेली असेल व बर्फही नसेल, तर संध्याकाळची वाट न पाहता चूल तेव्हाच पेटवावी.